वायदा शिकायला आलेली बाई

सत्तरच्या दशकात मी सांगलीत हळदीच्या एका दलालाकडे कारकून होतो. वायद्याचे सौदे ओरडून आणि बोटांच्या खुणांनी चालत. तिथे एक बाई आठवड्यातून दोनदा कवठे महांकाळच्या एसटीने यायची. नऊवारी लुगडं आणि पायात फौजेतल्या मुलाने दिलेले कापडी बूट. नाव मी कधी विचारलं नाही. दलालांच्या खुणा बघून ती पदराआड तशीच बोटं हलवायची.

"बाई, इथं काय काम?" आमच्या शेठनी एकदा हटकलं.

"शिकतीया," ती म्हणाली. "हळद अजून माझ्या रानात हिरवी हाय, आन तुमी तिचा चैत्रातला भाव आजच ठरवताय. मग मला कळाय नगं व्हय?"

चार महिन्यांनी, भाव वाढेल असं धरून तिने सर्वांत लहान सौदा केला. भाव पडला. पाटली मोडून तिने फरक भरला तेव्हा सगळे हसले. आता ही काही परत येत नाही, असं मलाही वाटलं.

पुढच्याच खेपेला ती हजर!

"हौस फिटली नाही वाटतं?" शेठ म्हणाले.

"आवं शेठ, गेल्या साली तुमी बी लय बुडाला हुता. तुमाला कुणी घरी जा म्हणलं का?"

त्या बाजारात हरलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. बहुतेक तोंड चुकवून निघून जात. मान ताठ ठेवून "आज भाव काय निघाला?" असं विचारणारी ती एकटीच.