मामांचा एकच कप

शेवटच्या दिवशी कानेजिरोमामांनी दुपारीच बिअर मागितली. तोमेमामी म्हणाली, संध्याकाळची आत्ता प्यायलात तर मग संध्याकाळी कुरकुर करायची नाही. मामा म्हणाले, चालेल.

डॉक्टरांनी दिवसाला एकच कप सांगितलेला. पण कप कुणाचा, तर मामांचा. यामानाकातले कातारी ते, लेथवर स्वतः कातलेला, कागदासारखा पातळ लाकडी कप. त्याला घाम सुटत नाही, हाताला गारठा लागत नाही, फेस सायीसारखा बसतो. काचेच्या ग्लासातून कुणी पिताना दिसला की मामा म्हणायचे, बिचारा, आजारी असेल.

आता आमच्याकडे बिअर आपली आपण ओतून घेत नाहीत. शेजारच्यानं बघायचं, कमी झाली की भरायची. काचेत कळतं. बसल्या जागेवरून लाकडात काय दिसणार? म्हणून येणारा-जाणारा भिडेखातर भर घालायचा. कप कधी रिकामा झालाच नाही, म्हणजे दुसरा कधी झालाच नाही. शेजारच्या गेन्पाचीला मामी एकदा तोंडावर बोलली, उद्यापासून रिकाम्या हातानं येत जा. आला. बाटली काखेत.

डॉक्टरांनी विचारलं की मामा छाती काढून सांगायचे, एकच. मामीला खोटंही म्हणता येईना.

त्या दुपारी घरात दोघंच. मामीनं ठरवलेलं, आज खरोखरचा एकच, बघूच. कप भरला न् बाटली मांडीत घेऊन बसली. मामांनी घोट घेतले, कप नुसता पुढे धरला. मामीचा हात आपोआप गेला. ओतून झाल्यावर तिनं कपाळावर हात मारला.

"अहो, मी ओतणार नव्हते."

"तरीच कमी ओतलीस," मामा म्हणाले. प्यायले, कूस बदलून झोपले, ते उठलेच नाहीत.

मामी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारत राहिली, माझ्या त्या ओतण्यानं तर नाही ना? ते म्हणाले, नाही हो, हृदयच थकलेलं. तिला काही पटेना.

सातव्या दिवशी फोटोपुढे उंचावर तोच कप ठेवला, गार बिअर भरून. येणारा उदबत्ती लावायचा, कपाकडे बघायचा, खालून आतलं दिसेना, मग घालायचा थोडी. गेन्पाचीनं घातली तसा फेस काठावरून कापडावर उतरला. सगळे मामीकडे बघायला लागले.

मामी उठली. कापड पुसलं. गेन्पाचीच्या हातातली बाटली काढून घेतली.

"डॉक्टरांनी एकच सांगितलाय," म्हणाली.

मग वाकून तिनं काठावरची बिअर ओठांनी ओढली, आणि जागा झाली तेवढी पुन्हा भरली.