तानूचं गजकर्ण

आमची तानू बोलता बोलता दाराच्या चौकटीला कंबर घासायची. म्हशीगत. मी म्हणायचो, "चौकट झिजंल की." ती म्हणायची, "झिजू दे. तुमच्या बापानं बसवलीया, मला काय त्याचं?"

परकराच्या नाडीखाली तिला गजकर्ण झालं होतं. आमच्या राधानगरीकडं पावसात कपडे वाळत नाहीत, ओलंच नेसायचं. मेडिकलातनं ट्यूब आणली. चार दिवस लावली, खाज थांबली की ट्यूब फळीवर. महिन्यात पुन्हा दुप्पट. दवाखान्यात चल म्हटलं तर, "असली जागा डाक्टरला दाखवू व्हय? त्यापरास मेलेली बरी."

मग नातीच्या, मनूच्या डोक्यावर रुपयाएवढा डाग पडला. तिथले केस गळाले. तानू म्हणाली, "माझंच लागलं पोरीला." त्या दिवसापासून तिनं स्वतःचं ताट, टॉवेल, अंथरूण वेगळं केलं. मनू मांडीवर चढायला लागली की हात आडवा. पोरगी रडायची. मग ही गोठ्यात जाऊन वासराच्या गळ्यात पडायची. रोज.

मनूसाठी म्हणून शेवटी कोल्हापूरला आली. डॉक्टर बाईच निघाल्या. दोघींना तपासून त्यांनी विचारलं, "आजी, घरात जनावरं आहेत?"

"एक वासरू हाय."

"त्याच्या अंगावर डाग?"

तानू माझ्याकडं बघायला लागली. वासराच्या डोळ्यांभोवती राख लिंपल्यासारखे खवले होते. आम्हाला वाटलं, पावसानं असंल.

"त्याच्याकडूनच आलं असणार. त्याला औषध करा. आणि तुमचं मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

एसटीत तानू एकदाच बोलली. "पोरीला ढकललं, आणि वासराला कवळत बसली मी."

या खेपेला औषध तिनं शेवटपर्यंत घेतलं. मनूला केस आले, वासरू बरं झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता घ्या नातीला." घरी आल्यावर हिचं सुरू, "अजून आठ दिस बघू. त्यांचं काय जातंय?"

मी ओरडलो, "येडी हायस तू. घे की पोरीला."

"आठ दिसानं काय मरत न्हाय कोण."

सहाव्या दिवशी शेण काढताना तानूच्या छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंतही पोचली नाही.

दोन महिने झाले, मला एका जागी बसवत नाही. जेवताना उठतो, उगाच रस्त्यापर्यंत जातो, परत येतो.

आंघोळ घालणाऱ्या बायका त्या दिवशी म्हणाल्या, "अंगावर एक डाग न्हाय वो म्हातारीच्या." मनू लांबच उभी होती. तिला तशीच सवय लागली होती.

"आज्जीला हात लावू?"

"लाव," म्हटलं. "काय होत न्हाय."