काळा ठोकळा

मामांनी माझा जुना लॅपटॉप दुकानदाराला देऊन त्या बदल्यात नवा आणला, तेव्हा मी घरात नव्हते. असते तर दारात आडवी पडले असते.

जुना म्हणजे कुठल्याशा ऑफिसातून निघालेला काळा ठोकळा. नागपूरहून सेकंडहँड घेतलेला, कोपरे घासलेले, वजनाला पाटा. पण विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकलं आणि वायफाय, कॅमेरा, सगळं पहिल्याच दिवशी चालू झालं. ऑफिसची मॉडेलं कंपन्या आतून फारशी बदलत नाहीत, म्हणून लिनक्सवाल्यांनाही ती नीट ठाऊक असतात. त्याच्याच जोरावर पुण्याची एक नोकरी, घरी बसून करायची, मिळायच्या बेतात होती. शेवटची परीक्षा उरली होती, लिनक्सवरच, कॅमेऱ्यासमोर. कापसाचं सगळंच बसलं होतं. बाबा कारकून होते तो सरकी काढायचा जिनिंग कारखाना बंद पडला होता आणि घर माझ्याकडे डोळे लावून होतं.

"परीक्षेले ते भंगार घेऊन बसली असती काय?" मामा म्हणाले. मामानं भाचीला दिलेली वस्तू परत करायची आमच्यात सोय नाही. आईनं तर नव्याला हळदकुंकू लावलं.

नवा चकचकीत, चंदेरी, आत विंडोजसुद्धा नाही. लिनक्स टाकलं, तर वायफाय गायब. वायफाय चालवणारा ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर. डोकं फिरलं माझं. फोनची केबल जोडून नेट आणलं, तर कॅमेरा लावताच स्क्रीन गोठायची. मारेगावात मामांचं बियाण्यांचं दुकान. पाकिटावरचं बोंड पाहून भुलू नका, असं गिऱ्हाइकांना दिवसभर सांगणारा माणूस झाकणाच्या चकाकीवर भुलला! या घरगुती मॉडेलांचंही तसंच, वर तेच नाव आणि आत दर खेपेला निराळी चिप. ठोकळा परत मागायला लॅपटॉपवाल्याच्या दुकानात धावले, तर तो विकला गेला होता.

परीक्षा सुरू झाली आणि स्क्रीन गोठली. पुन्हा चालू केला, पुन्हा गोठली. पुण्याहून फोन आला, दुसऱ्या उमेदवाराला घेतोय म्हणाले. मी तो लॅपटॉप धुण्याच्या दगडावर आपटणार होते.

संध्याकाळी मामा पेढे घेऊनच आले. नोकरी गेली एवढंच मी सांगितलं. तुमच्या लॅपटॉपपायी, हे तोंडापर्यंत आलं होतं, ते गिळलं.

पुडा न सोडताच त्यांनी आईच्या हातात दिला. मग म्हणाले, "जाऊ दे पोरी. त्या जुन्यावर बसली असती, तं मले जन्मभर वाटलं असतं का त्याच्याचपायी नोकरी गेली."