सुईची शेपटी

डोळा लागतोय की नाही, ते मला कळत नाहीये. स्वयंपाकघरात चटई टाकून मी आडवी झालेय, पाठीखाली फरशीचा गारवा आहे, ओट्यावरचा नळ टपटपतोय तेही ऐकू येतंय, म्हणजे मी जागी असणार. पण तो नळ लांब, शेजारच्या घरात टपटपल्यासारखा वाटतोय, म्हणजे झोप येत असणार. संध्याकाळी घरात बारसं आहे. अशा दुपारी झोपायचं नसतं हे मलाही कळतं. पण सकाळपासून मी एक दुपटं दोन्ही हातांनी चाचपतेय आणि आता तळव्यांना काही जाणवेनासं झालंय.

सांगूनच टाकते. घरातली एक सुई हरवली आहे. बारीक, काठ शिवायची. आणि ती बहुतेक त्या दुपट्यात आहे, ज्यावर संध्याकाळी तान्ही पोर निजवायची आहे.

दुपटं अक्कांच्या हातचं. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. कराडच्या या घरात आम्ही दोघींनी एकाच ओट्याशी भांडत जन्म काढला. उन्हाळ्यात त्या गेल्या. त्यांची लेक मृणाल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तर माहेरी आई नाही, मी काकू आहे. दुपट्याचे तीन कोपरे अक्कांनी पुरे केले होते, चौथा मी शिवायला घेतला. आईच्याच दुपट्यावर बाळाला ठेवायचं, हे मृणालने केव्हाच सांगून ठेवलंय. सुईचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. ओल्या बाळंतिणीच्या जिवाला घोर कशाला? आणि संध्याकाळपर्यंत सुई सापडली नाही, तर ते दुपटं पाळण्यात घालायचं नाही, हेही मलाच सांगावं लागणार आहे.

अक्का सुया साबणात खोचून ठेवत. अर्ध्या झिजलेल्या चंदनाच्या वडीत. सुई गंजत नाही आणि कापडातून सुळकन जाते, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक सुईला वीतभर लाल दोऱ्याची शेपटी. मला तो अवतार कधी बघवला नाही. काल पाहुण्यांसाठी आवराआवर करताना मी झाकणाची छान पारदर्शक डबी काढली, शेपट्या कात्रीने कापल्या, सुया उपटून डबीत भरल्या. दोऱ्यांचा गुंता कचऱ्यात टाकला, तो सकाळी घंटागाडीतून गेलासुद्धा. साबणाची वडी फेकणार होते, तर मृणालने ती नाकाशी धरली. “काकू, हा आईचा साबण टाकायचा नाही हं.” म्हणून ती ओट्याच्या कडेला ठेवून दिली. मग राहिलेला कोपरा शिवायला बसले, तर डबीत बारीक सुई नाही. परवा हातात तीच होती. दोरा संपला, मी उठले, एवढंच आठवतं.

“नलू, ऊठ. दूध लागलंय खाली.”

ओट्याशी अक्का उभ्या आहेत. पाठमोऱ्या, पदर खोचलेला, केसांचा तो लिंबाएवढा अंबाडा. मला काही नवल वाटत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं आहे त्यांचं. वरून परत आल्या त्याही माझं दूध बघायला.

“मी दूध ठेवलंच नव्हतं,” मी म्हणते.

“मग हे काय?” पातेल्याचा तळ त्या मला दाखवतात. काळाकुट्ट. मी तारेची घासणी उचलते, तशी त्या माझ्या मनगटावर चापट मारतात. “जळलेलं भांडं घासायचं नसतं, भिजवायचं असतं. खायचा सोडा टाक, पाणी ओत, एक उकळी काढ आणि सोडून दे. आपोआप सुटतं. घासत बसलीस की पातेलंही जातं नि बाईही जाते.”

“अक्का, सुई हरवलीय.”

“आधी ओटा.”

“बारीक सुई. दुपट्यात असली तर काय करायचं?”

“आधी ओटा म्हटलं ना.”

कुठेतरी बाळ कुरकुरतंय. मी कान देते, पण आवाज कुठल्या खोलीतून येतोय ते कळत नाही. ओट्यावर तेल सांडलेलं आहे आणि ते हळूहळू कडेकडे सरकतंय, तिथे साबणाची वडी आहे. मी ओलं फडकं घेते. अक्का ते माझ्या हातातून काढून घेतात.

“तेलावर ओलं फडकं फिरवलं की सगळ्या घराला तेल लागतं. पीठ टाक.”

त्या तांदळाचं पीठ टाकतात. मूठभर, मग ओंजळभर, मग सूपभर. तेल पिठात जिरतं आणि पिठाची वाळू होते. ओटा लांब होत होत संगमाच्या वाळवंटापर्यंत गेलाय. पलीकडे नदी आहे, पण पाण्याचा आवाज नदीचा नाही, बादलीत नळ सोडल्याचा आहे. वाळूवर अक्कांचे डबे ओळीने मांडलेले आहेत. चहाच्या जुन्या डब्यांत बटणं. खिळे मारलेल्या फळीवर दोऱ्याची रिळं. चिंध्यांच्या वळकट्या, ज्या-त्या रंगाच्या, त्याच कापडाच्या काठाने बांधलेल्या.

“डब्याच्या झाकणावर आतलं एक बटण शिवायचं,” अक्का सांगतात. “म्हणजे उघडून बघावं लागत नाही. तुझ्या त्या पारदर्शक डबीपेक्षा बरं.”

“टोमणे नंतर मारा. बाळ रडतंय.”

“रडू दे. अजून अंगाला तेल लावतायत.”

बाळाला तेल लावतायत म्हणजे न्हाऊ घालणाऱ्या रुक्मामावशी आल्या. बारशामुळे आजची अंघोळ दुपारी ठरलीय. अंघोळ झाली की नवं झबलं, मग दुपटं. म्हणजे वेळ राहिलेला नाही. मी अक्कांचा हात धरते. तो ओला आणि कोमट आहे, भांडी घासणाऱ्या बाईचा हात असतो तसा.

“मी पाया पडते तुमच्या. दुपट्यात कुठे आहे, एवढंच सांगा.”

“काच फुटली तर काय करतेस?”

“अक्का!”

“सांग ना. काय करतेस?”

“कणकेचा गोळा फिरवते,” मी चिडून म्हणते. “बारीक कण त्याला चिकटतात. तुम्हीच शिकवलंय.”

“का चिकटतात?”

“मऊ असतो म्हणून.”

“मऊ असतो म्हणून,” अक्का मान हलवतात. “मऊ वस्तू सगळं पोटात घेते. बाहेरून कळतही नाही. साबण कुठं ठेवलास?”

“मी सुईचं विचारतेय आणि तुम्हाला साबणाचं पडलंय?”

वाळू पायाखालून गेलीय आणि मी दवाखान्याच्या त्या लांब बोळातून चालतेय. फिनेलचा वास येतोय. शेवटच्या खाटेवर अक्का बसल्या आहेत, सलाइन लावलेला हात सुजलाय, नि त्याच हाताने त्या सुईत दोरा ओवतायत. दोऱ्याचं टोक ओठात ओलं करतात, नेम धरतात, चुकतात, पुन्हा धरतात. मांडीवर चंदनाची वडी आहे आणि तिच्यातून लाल शेपट्या लोंबतायत.

“आता कशाला हे?” मी विचारते. “पडा की जरा.”

“तुझ्या डोळ्यांना ओवता येत नाही,” अक्का म्हणतात. “मी घरी नसले तर कोण ओवून देणार? मृणालला सांगायचा तुला कमीपणा वाटतो. म्हणून ओवून ठेवते. एक संपला की दुसरा घ्यायचा.”

त्या शेपट्या माझ्यासाठी होत्या. अवतार म्हणून ज्याला मी नाक मुरडलं, ते त्यांनी सुजलेल्या हाताने माझ्यासाठी करून ठेवलं होतं, आणि मी कात्री लावली. मला फार रडू येतंय. आम्ही दोघी कधी एकमेकींना गोड बोललो नाही, आणि आता बोलावंसं वाटतंय.

“रडू नकोस, वेळ नाही,” अक्का म्हणतात. “शेपटी शोभेसाठी नसते गं. सुई हरवली तर शेपटी बाहेर राहते, धरून ओढता येते. शेपटी नसलेली सुई कधी ठेवून द्यायची नाही. परवा काय केलंस?”

“दोरा संपला. मी उठले.”

“आणि?”

“आठवत नाही.”

“अंगठ्याने दाबलंस ते?”

मी उत्तर देईपर्यंत खाटेच्या जागी पाळणा आलाय. आमच्याच माजघरात, फुलांच्या माळा लावलेला. बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या आहेत आणि वरवंट्याला कुंची घालून त्याचा गोप्या केलाय. पाळण्याच्या खालून द्यायचा, वरून घ्यायचा. आधी गोप्या, मागून बाळ. मी हात पुढे करते. माझ्या हातात गोप्या येतो, पण वरवंट्याएवढा जड लागत नाही. कुंची ओली आहे, आतून फेस येतोय, चंदनाचा वास येतोय. तो हातातून निसटायला बघतो. मी घट्ट धरते, तर माझ्या तळव्याला आतून काहीतरी टोचतं.

“पुढे द्या,” समोरची बाई म्हणते.

“थांबा,” मी म्हणते. “यात काहीतरी आहे.”

“पुढे द्या की. पाणी निवतंय.”

मी देत नाही. अक्का माझ्या शेजारी येतात. माझं बोट धरतात, त्याला लाल दोरा गुंडाळतात, एक वेढा, दुसरा, तिसरा. दोरा काचतो.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” त्या माझ्या कानाशी म्हणतात. “ऊठ नलू. दुपट्यात काही नाही. ऊठ.”

मी डोळे उघडते तेव्हा फरशी आहे, चटई आहे, नळ जवळच टपटपतोय. आणि चंदनाचा वास तसाच आहे.

ओट्याची कड रिकामी आहे.

मी कशी उठते ते मला ठाऊक नाही. गुडघे दुखतात म्हणणारी बाई न्हाणीघराच्या दारात पोचलेलीसुद्धा असते. आत वाफ आहे. रुक्मामावशी पाटावर बसल्यात, पाय लांब केलेत आणि नडग्यांवर बाळ पालथं आहे, तेलाने चकचकीत. मृणाल तांब्या घेऊन उभी आहे. मावशींच्या उजव्या हातात साबणाची वडी आहे, ओली, आणि तो हात बाळाच्या पाठीकडे निघालाय.

“मावशी, थांबा. साबण लावू नका.”

“आवो, आईचा वास लागू दे म्हनली पोरगी, म्हनून घेतलाय. काय झालं एवढं?”

मी वडी त्यांच्या हातातून घेते. जवळजवळ हिसकावतेच. सगळीकडून गुळगुळीत आहे, काही दिसत नाही. क्षणभर मलाच वाटतं, वेड लागलंय आपल्याला. मग मी ती दोन्ही हातांनी मोडते. पाण्याने मऊ झालेली वडी मधोमध तुटते आणि माझ्या अंगठ्यात काहीतरी खोल शिरतं.

सुई आहे. आडवी, आख्खी साबणाच्या पोटात गेलेली. परवा अंगठ्याने दाबून पार आत खोचली ती मीच; शेपटी नव्हती म्हणून काल उपटताना दिसली नाही, आणि ओट्यावरच्या ओलाव्याने साबण मऊ झाला नि तिला गिळून बसला. तिचं टोक बाळाच्या पाठीपासून वीतभरच लांब होतं. नेढ्यात लाल दोऱ्याचं नखाएवढं थोटूक आहे.

मृणालच्या हातातला तांब्या खाली पडतो. ती बाळाकडे बघते, मग माझ्याकडे. रुक्मामावशी बाळाला उचलून छातीशी घेतात आणि एकदा पाठ, एकदा पोट, सगळीकडे हात फिरवून बघतात.

“काही नाही लागलं,” त्या म्हणतात. “कुठं काही नाही. पर तुमाला कसं कळलं, काकू?”

“अक्का ओरडल्या,” मी म्हणते. दुसरं काही सुचतच नाही.

मावशी हसत नाहीत. मृणालही हसत नाही. बाळंतिणीने रडायचं नसतं, म्हणून ती ओठ आवळून उभी आहे, आणि मी माझ्या अंगठ्यातलं रक्त पदराला पुसतेय. तेव्हा मावशी माझा हात धरून उजेडाकडे वळवतात.

“आनि हे काय बांधलंय बोटाला?”

मी बघते. तर्जनीला लाल दोरा आहे. तीन वेढे, घट्ट, बोटाचं टोक पांढरं पडलंय. कापलेले दोरे सकाळीच घंटागाडीतून गेले. लाल रीळ कधीच संपलं, नवं मी आणलेलं नाही.

मृणाल माझं बोट हातात घेते. दोरा सोडवायला लागते, सावकाश, एकेक वेढा. सुटलेला दोरा वीतभर भरतो. ती त्याचं टोक ओठात ओलं करते, अगदी आईसारखं.

“आण ती सुई, काकू,” ती म्हणते. “मी ओवून देते. एक कोपरा राहिलाय ना?”