आल्याचा रस आणि नणंदेची टाळू

चहासाठी आलं ठेचलं, की त्या तिखट वासासरशी मला चाकणजवळच्या आमच्या घराचं परसदार दिसतं. नणंद बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचा नवरा पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागलेला, त्यामुळे तिचं कौतुक काही विचारू नका. बाळ तिला ओळखून हसायला लागलं आणि तिचे केस गळू लागले. गळत माझेही होते, माझाही पोरगा अंगावर पीत होता. पण पाट मांडला गेला तो लेकीसाठी. आलं किसायचं मी, फडक्यातून रस पिळायचा मी, आणि तो खोबरेलात कालवून सासूबाई जिरवायच्या तिच्या टाळूवर. ती मांजरीसारखी डोळे मिटून बसायची आणि इकडे माझा नुसता जळफळाट. एका दुपारी वाटीत उरलेला रस मी तेलाशिवाय तसाच डोक्याला चोळला. टाळूची अशी आग झाली, की मी ओरडतच न्हाणीकडे धावले. मागोमाग सासूबाई आल्या. "नुसताच चोळलास व्हय गं? मला सांगाया काय झालं हुतं?" म्हणत त्यांनी मला त्याच पाटावर बसवलं, डोकं धुतलं, हलक्या हातानं तेल लावलं आणि कितीतरी वेळ फुंकर घालत राहिल्या. दारातून नणंद म्हणाली, "आई, माझं ऱ्हायलंय अजून." "थांब जरा," सासूबाई म्हणाल्या. माझे केस पुढं किती आले, ते आता आठवत नाही. नणंदेचं पडलेलं तोंड मात्र आलं ठेचताना रोज आठवतं, आणि चहा गोड लागतो.