मी दाखवलेलं बेट

माझ्या नणंदेचे यजमान ठाण्याला राहतात आणि वर्षातून दोनदा तरी नाशिकला आमच्याकडे येतात. येत होते, असं म्हणायला हवं. आता आले तर मी दार उघडेन, पाणी देईन, जेवायलाही वाढेन. पण बोलणार नाही. माझा नवरा म्हणतो, झालं गेलं सोडून दे. मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. मुलांच्या किती गोष्टी सोडून दिल्या त्याची गणती नाही. पण ती मुलं होती. हे गृहस्थ एका मोठ्या कंपनीतून साहेब म्हणून निवृत्त झालेत.

पंचवटी, काळाराम, सीतागुंफा, त्र्यंबकेश्वर हे सगळं त्यांचं पहिल्या दोन फेऱ्यांतच उरकलं होतं. पांडवलेणी चढून झाली. मग वायनरी झाल्या, गंगापूर धरण झालं, शहरातली प्रत्येक मिसळ खाऊन तिला दहापैकी गुण देऊन झाले. त्यानंतर ते आले की चहाचा कप हातात घेताच म्हणायचे, "वहिनी, नेहमीचं नको. कुणाला माहीत नाही असं काहीतरी दाखवा."

तेव्हा मला या बोलण्याचा राग येत नसे. उलट आतून बरं वाटायचं. एवढा हिंडलेला माणूस आपल्या गावाबद्दल आपल्याला विचारतोय, म्हणून मी मुठीतल्या एकेक जागा उघडून दाखवत गेले.

एकदा मी त्यांना जुन्या नाशकात तांबट आळीत नेलं. तांब्याच्या भांड्यांवर ठोके घालणारे हात आता तिथे थोडेच उरलेत. सत्तरीचे एक कारागीर घंगाळाला आकार देत बसले होते. भाऊजींनी विचारलंसुद्धा नाही. आपला मोबाइल ताईंकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे, दिला, त्या कारागिरांच्या हातातला हातोडा घेतला आणि घंगाळावर दोन दणके घातले. "असंच ना काका?" काकांनी घंगाळ फिरवलं, त्यावर पडलेल्या खळग्यावरून अंगठा फिरवला आणि आम्ही निघेपर्यंत हातोडा पुन्हा उचलला नाही. मी तिथे हसले. पाहुण्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून हसले. माणूस कसा आहे ते मला त्या सकाळीच कळलं होतं. तरीही पुढच्या खेपेला मी त्यांना बेटावर नेलं.

सायखेड्याच्या पुढे गोदावरीच्या काठी एक गाव आहे. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा दाखवलं तेवढं पुरे झालं. तिथल्या शाळेत मी अकरा वर्षं होते. नाशकातल्या निमाणी स्टँडवरून एसटीने सायखेडा आणि पुढे मिळेल त्या वाहनाने. धरणाच्या फुगवट्यामुळे तिथे नदी रुंद आहे. पावसाळ्यात सगळं पाण्याखाली असतं. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागलं की मधोमध काळ्याभोर गाळाचं एक लांबट बेट वर येतं. अशा जमिनीला गाळपेराची जमीन म्हणतात. ती कसणाऱ्याच्या नावावर नसते. दरवर्षी अर्ज करायचा, एका हंगामापुरती पेरायची आणि पाणी चढायच्या आत सोडून द्यायची.

माझ्या वर्गातली सहावीतली एक मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही, म्हणून मी चौकशीला गेले होते. तिचे आईवडील ते बेट कसत. काठावर तिची आई भेटली. तिच्याबरोबर पलीकडे जायचं तर होडी नव्हती, काहील होती. गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती भलीमोठी लोखंडी कढई. मी बिचकले.

ती म्हणाली, "बाई, मधोमध बसा आन् हलू नका. हिला ना पुढं हाय ना मागं. ही नुसती फिरती."

गोल गोल फिरत, एका बांबूच्या जोरावर, तिने मला पार नेलं. मुलगी तापाने झोपली होती. तिला औषध दिलं, अभ्यास सांगितला आणि परत निघाले तर त्या बाईने मला निघू दिलं नाही. निखाऱ्यावर वांगं भाजून, मीठमिरची घालून, भाकरीवर वाढलं. वांगं मी जन्मभर खात आले होते. तसं कधी खाल्लं नव्हतं. समोर पाण्यात पक्षी उतरत होते आणि शाळेची घंटा तिथवर ऐकू येत होती.

तेव्हापासून दर हिवाळ्यात मी एक-दोनदा तिथे जायची. बदली झाल्यावरही, निवृत्त झाल्यावरही. ती मुलगी शिकून नर्स झाली, लग्न होऊन चांदवडला गेली, तरी माझं जाणं चालू राहिलं. नवऱ्यालासुद्धा मी पाच-सहा वर्षांनी पहिल्यांदा नेलं. आणि भाऊजींना का नेलं? खरं तेच लिहिते. मिरवायला. मला असं ठिकाण माहीत आहे जे तुमच्या मोबाइलला माहीत नाही, हे दाखवायला.

महाशिवरात्रीच्या आधीचे दिवस होते. वांगी लागली होती, टरबुजाचे वेल सुटले होते. आम्ही चौघं दोन फेऱ्यांत पार झालो. बाईने दरवर्षीसारखी चूल पेटवली. भाऊजी बेटभर हिंडले. परत आले तेव्हा त्यांच्या बुटांना वेलाची पानं चिकटली होती.

"काय हो," त्यांनी तिच्या नवऱ्याला विचारलं, "सातबारा कोणाच्या नावावर?"

तो साधा माणूस. म्हणाला, "नाय साहेब, आपल्या नावावर नाय. सरकारी हाय. आम्ही अर्ज करतो."

"म्हणजे सरकारी!" भाऊजी ताईंकडे बघून हसले. "म्हणजे आपलीच की."

मी ते ऐकलं. भाकरीचा तुकडा मोडता मोडता ऐकलं आणि गप्प बसले.

घरी परतल्यावर दोन दिवसांनी त्यांनी नेटवर टाकलेला व्हिडिओ मला कौतुकाने पाठवला. ती काहील, ते पाणी, चुलीपाशी वाकलेली बाई. तिचा पदर ढळलेला, तिला माहीतसुद्धा नाही. आणि वर भाऊजींचा आवाज: नाशिकपासून तासाभरावर, कुणालाही माहीत नसलेलं बेट, कुणाची मालकी नाही, परवानगी लागत नाही, तंबू घेऊन या, गावकरी स्वतः पलीकडे सोडतात, चुलीवरचं जेवण मिळतं. गावाचं नाव होतं. कुठल्या वळणाला वळायचं तेही होतं.

मी फोन केला. "भाऊजी, ते काढून टाका. ते लोक तिथे राहतात, शेती करतात."

"अहो वहिनी, त्यांचाच फायदा आहे. पाहुणे आले तर त्यांना रोजगार मिळेल."

"त्यांनी मागितला का तुमच्याकडे रोजगार?"

ते हसले. म्हणाले, "बघतो." नवरा मला म्हणाला, एवढं काय, कोण जातंय तिथे. मीही फार ताणलं नाही. ताणायला हवं होतं.

पुढच्या महिन्यात चांदवडहून फोन आला. माझी विद्यार्थिनी. एरवी "बाई, तब्येत कशी आहे" इथून सुरुवात करणारी मुलगी त्या दिवशी सरळ म्हणाली, "बाई, ते व्हिडिओवाले तुम्ही आणले होते ना?"

मग तिने सांगितलं. दर रविवारी गाड्या येत होत्या. माझे पाहुणे असतील म्हणून तिचे वडीलच त्यांना काहिलीतून पलीकडे सोडत. वेलांवर तंबू लागले, स्पीकर वाजले, बाटल्या फुटल्या. तिची आई गाळात अनवाणी काम करते. तिच्या टाचेत काच गेली. "आमच्या शेतात आहात" म्हटलं की उत्तर ठरलेलं होतं, तुमच्या नावावर आहे का? मग एका रविवारी दोघेही बेटाच्या टोकाला काम करत असताना पाच जणांनी न विचारता काहील पाण्यात लोटली. मधोमध गेल्यावर फोटोसाठी दोघे उभे राहिले. काहील उलटली. तिच्या वडिलांनी उडी मारून पाचही जणांना ओढून काढलं. साठी उलटलेला माणूस. कुणी मेलं नाही. आणि त्या पाचांपैकी एकाच्या घरच्यांनी गावात येऊन आरडाओरडा केला की इथे बेकायदा, धोकादायक होडी चालवतात. गावाने घाबरून निर्णय घेतला: काहील बंद. पाण्यातून काढून, साखळी घालून, पंचायतीच्या आवारात उलटी टाकली.

"आईला बेटावर जाता येत नाही बाई," ती म्हणाली. "वांगी झाडावर पिवळी पडतायत. काठावरनं दिसतात."

मी तिथल्या तिथे ठाण्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग भाऊजी म्हणाले, "पण त्यात माझा काय दोष? लोकांना सिव्हिक सेन्स नाही."

"लोक तुमच्या आमंत्रणावरून आले."

"वहिनी, मी फक्त माहिती दिली."

"तुम्ही दुसऱ्याचं घर उघडून दिलंत!" मी ओरडले. माझा आवाज एवढा चढलेला नवऱ्याने लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला असेल. "तुम्हाला परत परत येऊन नवं नवं बघायचं असतं. तुम्ही बघता आणि ती जागा संपते. तांबट आळीतल्या त्या काकांचं घंगाळ आठवतं का तुम्हाला?"

"कुठलं घंगाळ?" ते म्हणाले. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी आणि नवरा गावात गेलो. सरपंच माझाच जुना विद्यार्थी निघाला. उठून उभा राहिला, वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली. मी म्हटलं, त्या माणसांना मी आणलं होतं, शिक्षा द्यायची तर मला द्या. यांची काहील सोडा. तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुमचं बरोबर आहे. पण उद्या कुणी बुडालं तर आत मी जाणार. तुम्ही नाही, तुमचे पाहुणेही नाहीत." त्याचाही राग आला. त्याच्या बरोबर असण्याचा राग आला.

तरी मी सोडलं नाही. अर्ज लिहिले, दर आठवड्याला जाऊन बसले, ग्रामसभेत उभी राहून बोलले. काठावर चहा आणि वडापावची गाडी लावणाऱ्या दोघांनी माझ्याविरुद्ध आवाज चढवला. मी बाहेरच्यांना बंदी मागत होते; काहील बंद असली तरी काठावर बघायला गर्दी येतच होती, आणि त्यांची गिऱ्हाइकं चालू होती. शेवटी महिन्याभराने ठरलं की फक्त त्या घरच्या दोघांनी काहील वापरावी, कमरेला ट्यूब बांधून, आणि बाहेरच्या कुणालाही बसवू नये. तोवर वांगी सडली होती. टरबुजं तर काहील बंद व्हायच्या आधीच लोकांनी फोडून तिथेच टाकली होती.

काहील सोडवून आणली त्या दिवशी मी काठावर त्या बाईजवळ बसले. टाचेला अजून चिंधी होती. मी म्हटलं, "तुम्हाला त्या लोकांचा राग आला असेल."

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "त्यांचा काय यायचा? त्यांना मी कुठं वळखते? राग हाय, पर तुमच्यावर हाय, बाई."

मी मान खाली घातली. तिने मला चहाही विचारला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही विचारला नसता.

पुढच्या हंगामात त्यांनी अर्जच केला नाही. दोघं आता कुणाच्या तरी द्राक्षबागेत कामाला जातात. मुलगी म्हणते, आईला तिथे बरं आहे, सावली असते. ती माझी समजूत काढण्यासाठी बोलते, हे मला कळतं.

व्हिडिओ भाऊजींनी काढून टाकला म्हणतात. दुसऱ्यांनी उचललेले अजून फिरत असतात. ताईंचा दिवाळीत फोन आला. "एका बेटासाठी तू नाती तोडतेस?" मी म्हटलं, "ताई, तुम्ही कधीही या. त्यांना घरी ठेवून या." त्या आल्या नाहीत. भाऊबीजेला नवरा एकटा ठाण्याला गेला.

या जानेवारीत मी एकटीच नदीवर गेले. बेट वर आलं होतं. त्यावर यंदा कुणी पेरलं नव्हतं, नुसतं गवत माजलेलं. मी उभी असताना एक गाडी थांबली. काच खाली झाली, गॉगल घातलेल्या एका बाईने अगदी गोड आवाजात विचारलं, "मॅडम, इथे ते बेट आहे ना? जायला होडी कुठून मिळते?"

बेट माझ्या पाठीशी होतं, चांगलं दोन शेतं लांब, उन्हात लख्ख दिसणारं.

"इथे बेट नाही," मी म्हटलं.

तिने माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या डोळ्याला डोळा भिडवून तशीच उभी राहिले. शेवटी तिनेच काच वर केली.