उलटा धोतरा

मी शाळेत मास्तर होतो; शाळा सुटल्यावर मांडवीच्या वाटेने घरी यायचो. वाटेवरच्या एका अंगणात रॉकेलच्या डब्यांत उलटा धोतरा लावलेला होता. वीतभर लांब पांढरी फुलं खाली तोंड करून लोंबायची. दिवे लागण्याआधी त्या घरची बाई उमललेलं एकूणएक फूल कापून टाकायची आणि राखेने हात धुवायची. तिचा नवरा बोटीवर खलाशी होता. बोटीसकट बुडाला होता.

एकदा मी विचारलं, "काकू, एवढी चांगली फुलं का कापता?"

"तिन्हीसांजेला वास सुटतो, मास्तर. त्या वासावर हे येतात. पायरी ओली होते. आत या म्हणायचा मला धीर होत नाही हो."

"मग झाडच उपटा की."

"फांदी त्यांनीच आणलेली, ओल्या गोणपाटात गुंडाळून."

जाताना तिने मलाही एक फांदी दिली. "फांदीचे दोन डोळे मातीत ठेवा, दोन वर. पाणी तुंबू देऊ नका."

फांदी जगली. पुढच्या वर्षी माझी बायको तापाने गेली आणि भाद्रपदात झाडाला पहिलं फूल आलं. दिवेलागणीला मी कात्री घेऊन बाहेर गेलो. जरा वेळ उभा राहिलो. मग कात्री कोनाड्यात ठेवली आणि दाराची कडी काढून बसलो.